राखीव कॅचर कोणता आणि बुलपेनमधला कोणता?

बेसबॉलचा सामना सुरू असताना कॅमेरा मध्येच बुलपेनकडे, म्हणजे पिचर हात गरम करतात त्या कोपऱ्याकडे वळतो. तिथे एकजण पॅड बांधून उकिडवा बसलेला असतो आणि उतरायच्या तयारीतल्या पिचरचे (म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचे) चेंडू झेलत असतो. आमच्याकडे अशा वेळी हमखास विचारलं जातं, "हाच ना तो राखीव कॅचर?" कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे, पण हा राखीव कॅचर नव्हे. राखीव, म्हणजे बॅकअप कॅचर, बहुतेक वेळा डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, सूर्यफुलाच्या बिया चावत बसलेला असतो. चेंडू झेलणारा हा माणूस बुलपेन कॅचर. दोघांचा मुखवटा एक, ग्लोव्ह एक, कुरकुरणारे गुडघेही एकसारखेच. फरक इतकाच की एकाचं नाव यादीत आहे आणि दुसऱ्याचं नाही.

यादी म्हणजे रोस्टर. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये, ती २६ जणांची असते आणि त्यात सहसा दोनच कॅचर असतात. हंगाम १६२ सामन्यांचा. इतके दिवस रोज एकाच माणसाला उकिडवं बसवलं तर ऑगस्ट येईपर्यंत त्याचे पाय संपतील, म्हणून दुसरा लागतो. त्यात बेसबॉलचा नियम कडक. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे मॅनेजर बॅकअपला सहजासहजी हात लावत नाही. त्याला बॅटिंगसाठी खर्ची घातला आणि मुख्य कॅचरच्या बोटाला फाउल चेंडू लागला, तर मागे बसवायचं कोणाला? बुलपेनमधला माणूस पॅड बांधून तयारच असतो, पण तो उतरू शकत नाही. तो संघाचा नोकर आहे, खेळाडू नाही. अशी पाळी आलीच तर एखाद्या इनफिल्डरच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या अंगावर चिलखत चढवतात, आणि मग जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते.

हा हिशेब प्रत्यक्षात बघायचा असेल तर २०१६च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना काढा. आपल्याकडे तेव्हा ३ नोव्हेंबरची सकाळ होती. क्लीव्हलंडविरुद्ध खेळणाऱ्या शिकागो कब्जने यादीत तीन कॅचर ठेवले होते. पाचव्या इनिंगमध्ये पिचर जॉन लेस्टर आला आणि त्याच्याबरोबर ३९ वर्षांचा डेव्हिड रॉस. ही जोडी ठरलेलीच, लेस्टरला मागे रॉसच लागायचा. रॉसने आल्या आल्या पहिल्या बेसकडे फेक चुकवली. पाठोपाठ लेस्टरचा एक चेंडू जमिनीवर आपटून रॉसच्या मुखवट्याला लागून उडाला आणि क्लीव्हलंडच्या दोन धावा झाल्या. पुढच्याच इनिंगमध्ये याच रॉसने क्लीव्हलंडचा पिचर अँड्र्यू मिलरला होमरन मारला. नवव्या इनिंगमध्ये तो वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवून बेसवर पोचला आणि त्याच्या जागी पळायला दुसरा पाठवला. रॉस संपला, पहिला कॅचर कॉन्ट्रेरस तर कधीच बाहेर गेलेला. उरला तिसरा, मिगेल मोंटेरो. दहाव्या इनिंगमध्ये कब्जची आठवी धाव त्यानेच आणली आणि सामना ८-७ असा सुटला. तिसरा कॅचर ही चैन आहे असं मलाही आधी वाटायचं.

रॉसची कहाणी मात्र सुखाची. बॅकअपचं खरं आयुष्य बघायचं तर एरिक क्रॅट्झचं बघावं. २००२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २९व्या फेरीत टोरांटोने त्याला घेतलं, मेजर लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला २०१०मध्ये, वयाच्या तिशीत. मधली आठ वर्षं मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगच्या बसमध्ये गेली. त्यानंतर २०२०पर्यंत तो दर हंगामात कुठे ना कुठे खेळला, नऊ वेगवेगळ्या संघांकडून. आज वर, उद्या खाली. यादीत जागा हवी झाली की संघ अशा खेळाडूला 'डीएफए' करतो, म्हणजे त्याला यादीतून काढतो. मग सात दिवसांत त्याला विकायचं, दुसऱ्या कुणी उचलतंय का बघायचं किंवा सोडून द्यायचं. तेवढे दिवस माणूस बॅग भरून फोनकडे बघत बसतो. २०१८च्या मे महिन्यात यँकीजने क्रॅट्झला मिलवॉकीला दिलं. ऑक्टोबरमध्ये, ३८व्या वर्षी, तो पहिल्यांदाच प्लेऑफ खेळला आणि कोलोरॅडोविरुद्धच्या मालिकेत आठपैकी पाच वेळा हिट मारून बसला.

तेव्हा मिलवॉकीच्या बुलपेनमध्ये मार्कस हॅनेल होता. तोही मूळचा कॅचर, मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेला, पण मेजर लीगचा एकही सामना नशिबी आला नाही. क्रॅट्झचे संघ बदलत होते त्या सगळ्या काळात हॅनेल मात्र एकाच संघात टिकून होता. बुलपेन कॅचर कामात दिवसभर बुडालेला असतो. दुपारी जखमेतून सावरणाऱ्या पिचरचे चेंडू झेलायचे, बॅटिंगच्या सरावात चेंडू टाकायचे, रात्री बुलपेनचा फोन वाजला की पॅड बांधून बसायचं. कुठल्या पिचरचा स्लायडर आज वळत नाही, हे सर्वांत आधी त्याच्या ग्लोव्हला कळतं. पण धावफलकावर त्याचं नाव कधीच येत नाही.

पैशाचं गणित यादीवरच ठरतं. २०२३मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता, तर ट्रिपल-एमधला, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा किमान पगार वर्षाला ३५,८००. खालच्या कॅचरला वर नऊ-दहा दिवस ठेवून घेतलं तरी त्याची खालची वर्षभराची कमाई निघते. म्हणूनच चाळिशी जवळ आली तरी ही मंडळी बॅग भरून तयार असतात. बुलपेन कॅचरचा पगार खेळाडूंच्या संघटनेच्या करारात बसत नाही, कारण तो त्या संघटनेत नसतो. त्याच्या बदल्यात त्याला डीएफएची भीतीही नसते. मला विचाराल तर झोप बुलपेनवाल्याला चांगली लागत असणार.

खेळाडू आणि बुलपेन कॅचर यांच्यातली ही सीमा काहीजण ओलांडतातही. एलाय व्हाइटसाइड २०१०च्या विजेत्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये बस्टर पोझीचा बॅकअप होता. खेळणं थांबल्यावर तो त्याच संघात बुलपेन कॅचर झाला. तिथलं बुलपेन २०१९पर्यंत भिंतीमागे नव्हतं, फाउल रेषेच्या बाहेर मैदानातच होतं. अशा ठिकाणी झेलणाऱ्याला खेळाकडे लक्ष ठेवता येत नाही, म्हणून फटक्यांवर नजर ठेवायला शेजारी आणखी एकजण ग्लोव्ह घेऊन उभा करतात.