माणिक म्हणून मिरवलेली लालडी

ब्रिटनच्या राजमुकुटात समोर मधोमध एक मोठा लाल खडा आहे, ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’. त्याला पैलू नाहीत, नुसता घोटून गुळगुळीत केलेला. कधीकाळी ओवण्यासाठी त्याला भोक पाडलं होतं. ते वरून एक चिमुकलं माणिक बसवून बुजवलंय. गंमत म्हणजे खरं माणिक तेवढंच. मोठा खडा निघाला लालडी, म्हणजे स्पिनेल, माणकासारखं दिसणारं वेगळंच रत्न. ‘तैमूर रुबी’चीही तीच गत. जहांगीर, शाहजहान, नादिरशाह यांची नावं अंगावर कोरलेला हा ३५२.५ कॅरटचा दगडही लालडीच.

यात फसवणूक कुणाचीच नव्हती. तांबडा, पारदर्शक, तेजस्वी तो माणिक, इतका साधा हिशेब होता. बदख्शानच्या (आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तान सीमेवरच्या) खाणींतली ‘लाल’, म्हणजे लालडीच, मुघलांना प्राणप्रिय होती. म्यानमारमधल्या मोगोकला तर दोन्ही खडे एकाच संगमरवरी डोंगररांगेत, एकाच वाळूत सापडतात. दोघांना लाली देतं तेही क्रोमियमच.

गरुडपुराणातली कथा अशी: बलासुराचं रक्त सूर्य घेऊन निघाला, रावणाने त्याला अडवलं, रक्त सिंहलद्वीपातल्या नदीत सांडलं आणि त्याचे पद्मराग, म्हणजे माणकं, झाले. त्याच पुराणात पद्मरागाचे सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक असे वेगवेगळे उगमही दिलेत. सगळं लाल एक नव्हे, ही शंका जुनीच म्हणायची.

शास्त्रीय निवाडा झाला तो १७८३ मध्ये. फ्रान्सचे खनिजतज्ज्ञ रोमे द लिल यांनी दोन खडे वेगळे काढले. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, कठीणपणा दहापैकी ९. लालडीत मॅग्नेशियमही असतं आणि कठीणपणा ८. डायक्रोस्कोपमधून, म्हणजे खड्यातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या छोट्या नळीतून, पाहिलं तर माणकात शेजारीशेजारी दोन लाल दिसतात, एक जांभळट, एक नारिंगीकडे झुकणारा. लालडी एकच रंग दाखवते.

माणिक आणि नीलम मात्र सख्खी भावंडं. दोन्ही कुरुंदच, धार लावायला वापरतात त्याच जातीचा. लाल असेल तर माणिक, बाकी सगळ्या रंगांना बाजार नीलमच म्हणतो, फक्त एका छटेला खास नाव आहे. गुलाबी-नारिंगी नीलमाला ‘पदपराद्शा’ म्हणतात. हा शब्द आलाय पद्मरागावरून, म्हणजे संस्कृतात ज्याचा अर्थ माणिक, त्याच नावावरून.