वेबसाइटवरचा सुरक्षेचा शिक्का: विक्री वाढते, पण सुरक्षा?

सांगलीची हळद आणि बेदाणा आता मार्केट यार्डातल्या सौद्यांपुरते राहिलेले नाहीत. बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज तासगाव-मिरजेकडचा एखादा तरुण स्वतःची वेबसाइट काढून पाव किलोची पाकिटं थेट नागपूरला नाहीतर बंगळुरूला पाठवतो. साइट सुरू झाली की त्याला फोन यायला लागतात. एक जण होस्टिंग विकतो, दुसरा जाहिराती आणि तिसरा ‘ट्रस्ट सील’, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं सांगणारा शिक्का. या तिसऱ्याचं बोलणं ठरलेलं असतं. पेमेंटच्या पानावर आमचा हिरवा शिक्का लावा, गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल, ट्रॅफिक (साइटवर येणारी माणसं) वाढेल, वर्षाला फक्त एवढे भरा.

छोट्या दुकानदारासाठी ही रक्कम किरकोळ नसते. त्यामुळे या शिक्क्याने नक्की काय होतं हे त्याला कळायलाच हवं. सुदैवाने या विषयावर वीसेक वर्षं चांगलं संशोधन झालेलं आहे, आणि त्याचे निष्कर्ष विकणाऱ्याच्या बोलण्याशी अर्धेच जुळतात.

ट्रॅफिकचा मुद्दा आधी निकालात काढू. शिक्का असतो साइटच्या आत, बहुधा तळाशी किंवा पेमेंटच्या बटणाजवळ. तो दिसतो साइटवर आलेल्या माणसाला. जो अजून आलाच नाही त्याला तो ओढून आणणार कसा? गूगलने ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर केलं की एचटीटीपीएस (साइटशी होणारं बोलणं वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून केलेलं एन्क्रिप्शन) असलेल्या साइटला शोधनिकालांत किंचित झुकतं माप मिळेल. पण ते एन्क्रिप्शनला, विकत घेतलेल्या चित्राला नाही. काही अँटिव्हायरस कंपन्या आपल्या ग्राहकांना शोधनिकालांतच अशा साइटपुढे खूण दाखवत, पण ती फक्त त्यांचं सॉफ्टवेअर बसवलेल्यांना दिसायची. थोडक्यात, येणारी माणसं वाढत नाहीत. वाढलाच तर आलेल्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचा टक्का वाढतो.

आणि तो वाढतो, हे मान्य करायला हवं. २०१३ मध्ये ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च’ या नियतकालिकात ओझपोलात, गाओ, यांक आणि विश्वनाथन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४९३ ऑनलाइन दुकानं आणि अडीच लाखांहून जास्त व्यवहार त्यात होते. एका शिक्का-कंपनीने काही ग्राहकांना शिक्का दाखवला, काहींना दाखवला नाही, आणि कोणाला काय दाखवायचं ते निव्वळ योगायोगावर सोडलं. नव्या औषधाची चाचणी करतात तीच ही पद्धत, त्यामुळे निष्कर्षाला वजन आहे. शिक्का दिसल्यावर खरेदीची शक्यता वाढली. छोट्या दुकानांना आणि पहिल्यांदाच आलेल्या ग्राहकांच्या बाबतीत तो जास्त उपयोगी पडला. हे पटण्यासारखं आहे. ज्या दुकानाचं नाव देशभर माहीत आहे त्याला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. सांगलीच्या अनोळखी हळदवाल्याला आहे.

मग घ्यावा का शिक्का? इथे थोडं गणित करावं लागेल.

समजा, आपल्या हळदवाल्याच्या साइटवर महिन्याला २००० माणसं येतात आणि त्यांतली २ टक्के खरेदी करतात. म्हणजे महिन्याला ४० ऑर्डरी. विकणारा सांगतो की शिक्क्याने विक्री १४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ४० च्या ४५-४६ व्हायला हव्यात. आता हे तपासायचं कसं? ४० च्या आसपासचा आकडा काहीही न करता दर महिन्याला सहज सहा-सातने खालीवर होतो. एखाद्या महिन्यात लग्नसराई असते, एखाद्यात नुसताच योग. म्हणजे जी वाढ शोधायची ती नेहमीच्या चढउतारापेक्षाही लहान आहे. निम्म्या लोकांना शिक्का दाखवून आणि निम्म्यांना न दाखवता नीट चाचणी करायची ठरवली, तर २ टक्क्यांवरून २.२८ टक्क्यांवर गेलेली खरेदी खात्रीने ओळखायला प्रत्येक गटात सुमारे ४२,००० माणसं लागतात. दोन्ही गट मिळून ८४,०००. महिन्याला २००० या हिशेबाने साडेतीन वर्षं! साडेतीन वर्षांत हळदीचे भाव, स्पर्धक, फोन, ॲप, सगळंच बदललेलं असतं.

त्यामुळे ‘शिक्का लावला आणि पुढच्याच महिन्यात विक्री वाढली’ असं कोणी सांगितलं, तर तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण त्या महिन्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय शिक्का घेणारा माणूस बहुधा त्याच सुमारास फोटो सुधारतो, डिलिव्हरीचा खर्च कमी करतो, साइट मोबाइलवर नीट दिसेल असं बघतो. श्रेय कोणाला द्यायचं? मला यातलं सगळ्यात खटकणारं हेच वाटतं की ज्या छोट्या दुकानाला शिक्क्याचा सर्वाधिक फायदा होण्याची शक्यता आहे, त्यालाच तो झाला की नाही हे मोजता येत नाही.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाइकाचा विश्वास वाढला, पण तो ठेवण्याजोगी साइट खरंच झाली का?

शिक्का लावण्याचं तांत्रिक काम दोन मिनिटांचं आहे. कंपनी कोडच्या चार ओळी देते, त्या पानात चिकटवायच्या. ग्राहकाने पान उघडलं की त्या ओळी कंपनीच्या सर्व्हरवरून चित्र आणतात. चित्रावर क्लिक केलं की कंपनीच्याच पत्त्यावर एक पान उघडायला हवं, त्यात दुकानाचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि शेवटच्या तपासणीची तारीख असायला हवी. क्लिक केल्यावर काहीच घडलं नाही, किंवा चित्रच मोठं होऊन दिसलं, तर ते कोणीतरी दुसरीकडून उतरवून घेतलेलं असण्याचा संभव दाट. पण खरेदी करताना शिक्क्यावर क्लिक करून बघणारा माणूस विरळाच.

तपासणी म्हणजे बाहेरून चालवलेलं स्कॅनर. ते साइटला हजारो विनंत्या पाठवतं, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बघतं, फॉर्ममध्ये नेहमीच्या हल्ल्यांचा मजकूर टाकून पाहतं. आतलं त्याला दिसत नाही. ॲडमिनचा पासवर्ड दुकानाच्याच नावाचा आहे, ग्राहकांच्या पत्त्यांची एक्सेल फाइल चार जणांच्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे, हे त्याला कधीच कळणार नाही.

बेल्जियममधलं ल्यूवेन विद्यापीठ आणि अमेरिकेतलं स्टोनी ब्रूक विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याची सविस्तर पाहणी केली. दहा शिक्का-कंपन्या आणि शिक्का लावलेल्या आठ हजारांहून जास्त साइट त्यांनी तपासल्या. शिक्का असलेल्या साइट नसलेल्यांपेक्षा जास्त सुरक्षित निघाल्या नाहीत. पुढे त्यांनी सुरक्षेत मुद्दाम भोकं ठेवलेलं एक ऑनलाइन दुकान बांधलं आणि त्यासाठी शिक्के मागवले. सगळ्यांत चांगल्या स्कॅनरलाही त्यातली निम्मी भोकं सापडली नाहीत.

त्याच पाहणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साइटमध्ये दोष सापडला आणि दुकानदाराने तो मुदतीत दुरुस्त केला नाही, तर काही कंपन्या शिक्का गुपचूप लपवतात. हिरव्या चित्राच्या जागी एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र येतं. ग्राहकाला काही कळत नाही. पण चोराला कळतं! रोज हजारो साइटवरचे शिक्के बघत राहायचं, आणि काल दिसणारा शिक्का आज जिथे दिसत नाही तिथे घुसायचं. भोक शोधायचे कष्ट शिक्का-कंपनीने आधीच घेतलेले असतात.

याहून थेट धोकाही घडून गेला आहे. शिक्क्याचा कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतो आणि ग्राहक कार्डाचा नंबर टाइप करतो त्याच पानात चालतो. मे २०१९ मध्ये ‘बेस्ट ऑफ द वेब’ या कंपनीच्या शिक्क्याच्या कोडमध्येच हल्लेखोरांनी टाइप केलेली अक्षरं टिपणारा कोड घुसवला होता. शंभराहून जास्त साइटवर तो शिक्का लागलेला होता.

कंपन्या स्वतः किती काटेकोर असतात, याच्याही नोंदी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे आहेत. कंट्रोलस्कॅन या कंपनीच्या शिक्क्यावर रोज त्या दिवसाची तारीख झळकायची, पण रोजची तपासणी होत नव्हती. हे प्रकरण २०१० मध्ये तडजोडीने मिटलं. ट्रस्टई ही तर गोपनीयतेच्या शिक्क्यांमधली सगळ्यात जुनी आणि नावाजलेली संस्था. तिने २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा वार्षिक फेरतपासणी केलीच नव्हती, असं २०१४ मध्ये कमिशनने म्हटलं आणि दोन लाख डॉलर भरायला लावले. त्याआधीच, २००६ मध्ये, बेंजामिन एडलमन या संशोधकाने दाखवलं होतं की ट्रस्टईचा शिक्का असलेल्या साइट अविश्वासार्ह असण्याची शक्यता शिक्का नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त आहे. हे उलटं का घडावं? ज्याचं नाव आधीच चांगलं आहे त्याला शिक्क्याची निकड नसते. ज्याला नाव नाही किंवा जे आहे ते लपवायचं आहे, तो धावत जातो. दारावरची चौकशी ढिली असली की असेच लोक आत जमतात. बेटर बिझनेस ब्युरो या शिक्का देणाऱ्या दुसऱ्या अमेरिकी संस्थेची चौकशी कडक होती, तिच्या यादीत हा प्रकार आढळला नाही.

विटा-खानापूर भागातली गलाईवाली कुटुंबं देशभर सोनं गाळण्याच्या धंद्यात आहेत, तेव्हा इकडच्या वाचकाला दागिन्यावरचा हॉलमार्क समजावून सांगायला नको. त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला आणि शुद्धता किती, ते घरबसल्या कळतं. वेबसाइटच्या शिक्क्याला अशी टिकाऊ खात्री देणं जमत नाही, आणि त्याला कारणही आहे. २२ कॅरेटचं सोनं उद्याही २२ कॅरेटचंच राहतं. वेबसाइटचं तसं नाही. सकाळी तपासणीत पास झालेली साइट दुपारी एखाद्या प्लगइनमधलं (साइटला जोडलेल्या तयार सॉफ्टवेअरमधलं) भोक उघडकीला आलं की संध्याकाळी असुरक्षित असते, तिच्यातला एक शब्दही बदललेला नसताना.

ब्राउझरमधलं कुलूपही लोकांना असंच फसवत आलं. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे की लबाड, याबद्दल कुलूप काही बोलत नाही. फसव्या साइटही आता सर्रास एचटीटीपीएसवर चालतात. गूगलच्या २०२१ च्या पाहणीत कुलपाचा बरोबर अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूपच काढून टाकलं.

आपल्याकडची परिस्थिती आणखी वेगळी आहे. शिक्के निघाले अमेरिकेत, आणि तिथली भीती होती कार्डाचा नंबर चोरीला जाण्याची. भारतात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी दिलेला बदली क्रमांक, वापरावं लागतं. पैसे भरायचं पानही बहुतेक वेळा पेमेंट गेटवेचं (दुकानाच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचं) असतं, आणि निम्मे लोक तर यूपीआयनेच देतात असं आजूबाजूला बघून वाटतं. इथल्या गिऱ्हाइकाच्या मनातली शंका साधी आहे: पैसे दिल्यावर माल येईल का, आणि आला तर खरा असेल का? म्हणून तर लोक कॅश ऑन डिलिव्हरी निवडतात, किंवा आधी फोन लावून ‘दुकान नक्की कुठंशी आहे हो?’ असं विचारतात. सुरक्षेच्या स्कॅनला या प्रश्नाचं उत्तर माहीतच नसतं.

हे उत्तर देणाऱ्या गोष्टी मात्र बाहेरून आणि फुकटात पडताळता येतात. १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा, सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. खाण्याच्या वस्तूंसाठी एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक तसाच तपासता येतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर असायलाच हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. आपल्या भागातल्या छोट्या साइट बघताना ही माहिती शोधून पाहा. ‘१०० टक्के सुरक्षित’ असं लिहिलेली ढाल ठळक दिसते आणि पत्ता मात्र एका ओळीत, पिनकोडशिवाय असतो.

तरीही एखाद्या दुकानदाराला शिक्का घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. स्कॅनचा पूर्ण अहवाल मला मिळणार का, की फक्त पास-नापास? दोष सापडला तर शिक्का कधी आणि कसा निघतो? आणि तुमचा कोड पेमेंटच्या पानावर न टाकता चालेल का? अहवाल मिळणार असेल आणि तो वाचून दुरुस्ती करणारा माणूस हाताशी असेल, तर पैसे काही अंशी कामी येतील. नसेल तर तेवढ्याच रकमेत साइट बनवून देणाऱ्याकडून दर महिन्याला प्लगइन अद्ययावत करून घेता येतात, रोजचा बॅकअप घेता येतो आणि ॲडमिन लॉगिनला ओटीपी बसवून घेता येतो. हळदीच्या साइटवर होणारे बरेचसे हल्ले अद्ययावत प्लगइन आणि ओटीपी यांपाशीच अडतात, आणि एखादा घुसलाच तर बॅकअपवरून साइट परत उभी करता येते.