ट्युनिशियातील जनउठाव व सत्तांतर

उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया या अरब देशात १७ डिसेंबर २०१० ते १४ जानेवारी २०११ या चार आठवड्यांत झालेला उठाव आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे चाललेली लोकशाहीची उभारणी. २३ वर्षे सत्ता गाजवणारे राष्ट्राध्यक्ष झिन अल-अबिदीन बेन अली यांना या उठावामुळे देश सोडून पळावे लागले. पाठोपाठ ईजिप्त, लिबिया, येमेन, बहारीन आणि सीरियात लोक रस्त्यावर आले. या साऱ्या घडामोडी ‘अरब स्प्रिंग’ या नावाने ओळखल्या जातात.

१९५६ मध्ये फ्रेंच अमलातून मुक्त झाल्यावर हबीब बुर्गिबा यांनी देशाची घडी बसवली. त्याच वर्षीच्या कौटुंबिक कायद्याने बहुपत्नीत्वावर बंदी आली आणि शिक्षणाचा झपाट्याने प्रसार झाला. राजकारण मात्र एका पक्षाच्या मुठीत राहिले. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी बेन अली यांनी बुर्गिबांना वैद्यकीय कारण पुढे करून पदावरून दूर केले आणि पोलीस व हेरखात्याच्या जोरावर राज्य चालवले. पर्यटन, कारखाने आणि गुंतवणूक राजधानी ट्यूनिस, सूस, स्फॅक्स या किनारी पट्ट्यात एकवटली. सिदी बूझिद, कासरिन, गफ्सा हे आतले जिल्हे धान्य, भाजीपाला आणि फॉस्फेट (खतांसाठी लागणारे खनिज) पुरवत राहिले. त्यांच्या वाट्याला बेकारी आली. हा उठाव समजून घ्यायचा तर ही दरी आधी पाहावी लागते, कारण त्याचा उगम तिच्यातच आहे. २००८ मध्ये गफ्साच्या खाणपट्ट्यात सरकारी फॉस्फेट कंपनीच्या नोकरभरतीत वशिलेबाजी झाल्याच्या संतापातून रदेयफ गावी आंदोलन पेटले आणि कित्येक महिने धुमसत राहिले. सरकारने ते चिरडले, पण आंदोलन कसे चालवायचे हे तिथले लोक शिकले होते.

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद येथे मोहंमद बुअझीझी या २६ वर्षांच्या फळविक्रेत्याचा माल आणि तराजू पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी जप्त केला. दाद मागायला गेल्यावर कोणी ऐकून घेतले नाही, तेव्हा त्याने प्रांताच्या मुख्य कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतले. तो पदवीधर असल्याची बातमी जगभर पसरली. प्रत्यक्षात त्याचे शिक्षण शाळेतच सुटले होते. ४ जानेवारी २०११ रोजी त्याचा मृत्यू झाला. तोवर निदर्शने शेजारच्या जिल्ह्यांत पोचली होती. ८ ते १० जानेवारीदरम्यान ताला आणि कासरिन येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर माघारीचा प्रश्नच उरला नाही.

फेसबुकवरच्या चित्रफिती आणि अल जझीरा वाहिनी यांनी या बातम्या घराघरांत नेल्या, म्हणून अनेकांनी याला ‘फेसबुक क्रांती’ म्हटले. ते अपुरे आहे. आंदोलनाला निवारा आणि संघटना दिली ती ‘यूजीटीटी’ या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कामगार महासंघाच्या स्थानिक शाखांनी, शिक्षकांनी आणि वकिलांनी. महासंघाचे वरचे नेतृत्व आधी कचरत होते. खालून दबाव वाढल्यावर त्याने प्रादेशिक संपांना मान्यता दिली. १२ जानेवारीला स्फॅक्स बंद पडले, १४ तारखेला राजधानी. ‘काम, स्वातंत्र्य, राष्ट्रीय प्रतिष्ठा’ ही घोषणा देणारा जमाव गृहखात्याच्या इमारतीसमोर जमला आणि त्याच संध्याकाळी बेन अली कुटुंबासह सौदी अरेबियाला निघून गेले. सैन्य लहान होते आणि राजकारणापासून लांब ठेवलेले होते. राजवट वाचवण्यासाठी ते पुढे आले नाही. ईजिप्तमध्ये पुढे सैन्यानेच सत्ता हाती घेतली; दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, याचे एक मोठे कारण इथे आहे.

जुने पंतप्रधान मोहंमद गन्नूशी यांनीच हंगामी सरकार बनवले, तेव्हा आतल्या जिल्ह्यांतील तरुणांनी ट्यूनिसच्या कस्बा चौकात दोनदा ठिय्या दिला. २७ फेब्रुवारी २०११ रोजी गन्नूशी पायउतार झाले, बेजी काइद असेब्सी पंतप्रधान झाले आणि घटना समितीची निवडणूक ठरली. पक्षांच्या प्रत्येक उमेदवार-यादीत पुरुष आणि स्त्री उमेदवार आळीपाळीने असावेत असा नियम झाला. २३ ऑक्टोबर २०११ च्या मतदानात २१७ पैकी ८९ जागा मिळवून ‘एन्नहदा’ हा इस्लामवादी पक्ष सर्वांत मोठा ठरला. त्याने दोन धर्मनिरपेक्ष पक्षांशी आघाडी केली. एन्नहदाचे नेते रशीद गन्नूशी सुमारे दोन दशकांच्या लंडनवासानंतर परतले होते. (माजी पंतप्रधानांशी त्यांचे नाते नाही.)

घटनेवरचा वाद कडवा होता. शरियाचा (इस्लामी धर्मकायद्याचा) उल्लेख नको, हे एन्नहदाने २०१२ मध्ये मान्य केले; पण एका मसुद्यात स्त्रीला पुरुषाची ‘पूरक’ म्हटल्यावर १३ ऑगस्ट २०१२ रोजी स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या आणि तो शब्द गेला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी डावे नेते शुक्री बलईद आणि २५ जुलै रोजी घटना समितीचे सदस्य मोहंमद ब्राहमी यांच्या हत्या झाल्या. देश फुटण्याच्या बेतात असताना यूजीटीटी, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना अशा चौघांनी मिळून पक्षांना एका टेबलाशी बसवले. एन्नहदाने सत्ता सोडली, पक्षविरहित सरकार आले आणि २६ जानेवारी २०१४ रोजी घटना २०० मतांनी मंजूर झाली. या चौकडीला २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. निवडून आलेल्या पक्षाने रक्तपाताविना सत्ता सोडली, हे या साऱ्या कालखंडातले सर्वांत मोठे यश मानायला हवे.

जुन्या अत्याचारांच्या चौकशीसाठी २०१४ मध्ये ‘सत्य व प्रतिष्ठा आयोग’ नेमला गेला. ६० हजारांहून अधिक तक्रारी आल्या. नोव्हेंबर २०१६ पासून छळ सोसलेल्यांच्या साक्षी दूरचित्रवाणीवरून देशाने ऐकल्या. तरी २०१७ मध्ये संसदेने जुन्या राजवटीतील अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा केला. उठावात मेलेल्यांची यादीदेखील वादात अडकली: २०१२ च्या चौकशी समितीने कैदी आणि सुरक्षारक्षक धरून ३३८ मृत मोजले, तर २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या हुतात्म्यांच्या यादीत १२९ नावे होती.

त्रुटी दोन ठिकाणी राहिली. सत्ताधाऱ्यांचे निर्णय घटनेला धरून आहेत की नाहीत हे ठरवणारे, घटनेनेच सांगितलेले घटनात्मक न्यायालय कधी उभेच राहिले नाही. त्याच्या बारा न्यायाधीशांपैकी चार संसदेने दोन-तृतीयांश मतांनी निवडायचे होते. पक्षांच्या ओढाताणीत एकच निवडला गेला. दुसरी त्रुटी अधिक खोल. सरकारे बदलत राहिली, २०१५ मधील बार्दो संग्रहालय व सूस येथील दहशतवादी हल्ल्यांनी पर्यटन बसले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या. आणि ज्या जिल्ह्यांनी प्राण दिले, त्यांना काम मिळालेच नाही.

त्यामुळे २५ जुलै २०२१ रोजी, २०१९ मध्ये मोठ्या बहुमताने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना काढून संसद गोठवली, तेव्हा अनेक शहरांत लोकांनी जल्लोष केला. सईद यांना अडवू शकेल असे न्यायालय नव्हतेच. २०२२ मध्ये संसद बरखास्त झाली आणि जेमतेम ३० टक्के मतदानाच्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षांच्या हाती जवळजवळ सारी सत्ता देणारी घटना आली. त्या डिसेंबरात संसदेसाठी सुमारे ११ टक्केच मतदारांनी मत दिले. एप्रिल २०२३ मध्ये रशीद गन्नूशी यांना अटक झाली. विरोधक, पत्रकार, वकील तुरुंगात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सईद ९० टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले.

निदर्शने मात्र थांबलेली नाहीत. गफ्साच्या फॉस्फेटवर प्रक्रिया करणाऱ्या गाबेस येथील सरकारी रासायनिक कारखान्याच्या वायूंमुळे शाळकरी मुलांना श्वासाचा त्रास झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि यूजीटीटीच्या हाकेवर २१ तारखेला सारे शहर बंद राहिले.