रिक्तस्थानांतील ईश्वर

विज्ञानाला ज्या घटनेचे कारण सांगता येत नाही, तेथे ईश्वराचा हात मानण्याच्या विचारपद्धतीला दिलेले टीकात्मक नाव. ही टीका मुख्यतः श्रद्धावंतांनीच घडवली. हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचा रोख कळत नाही.

‘गॉड ऑफ द गॅप्स’ या मूळ शब्दप्रयोगाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ऑक्सफर्डचे गणितज्ञ चार्ल्स कूलसन यांच्या १९५५ च्या ग्रंथामुळे तो रूढ झाला, म्हणून काही जण त्यांनाच जनक मानतात. तथापि स्कॉटिश धर्मोपदेशक हेन्री ड्रमंड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत निसर्गातील फटी शोधून त्या ईश्वराने भरणाऱ्यांवर नेमकी हीच टीका केली आहे. कल्पनेचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या लेखनात त्याआधी आलेला तत्सम उल्लेख धर्मावरच प्रहार करणारा असल्याने तो वेगळा धरावा. नाझी तुरुंगातून २९ मे १९४४ रोजी लिहिलेल्या पत्रात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर हेच म्हणतो : ज्ञानाची सीमा पुढे सरकते तसा असा ईश्वर मागे हटत जातो, त्याला आपल्या अज्ञानात न शोधता जे कळले आहे त्यात शोधावे.

याचे ठळक उदाहरण ग्रहगतीचे. ग्रहांच्या परस्पर आकर्षणाने व धूमकेतूंमुळे साचणारे विक्षोभ (कक्षांतील लहान बिघाड) वाढत जाऊन सूर्यमालेची घडी पुन्हा बसवावी लागेल, असे न्यूटनला वाटे. वारंवार दुरुस्ती करावी लागणारा ईश्वर कच्चा कारागीर ठरतो, असा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ लायप्निट्सने १७१५ मध्ये घेतला. दोघेही आस्तिक होते. जुन्या वेधांशी ताडून पाहता गुरू वेगावलेला आणि शनी मंदावलेला दिसे. गुरूच्या ५ प्रदक्षिणांना लागणारा काळ शनीच्या २ प्रदक्षिणांच्या काळाशी जवळजवळ जुळतो; त्यामुळे सुमारे ९०० वर्षांच्या आवर्तनाने ही तफावत वाढते आणि आपोआप ओसरते, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १७८५ च्या सुमारास दाखवले. ईश्वराच्या ‘गृहीतकाची मला गरज पडली नाही’ हे नेपोलियनला दिलेले त्याचे उत्तर मात्र नंतरच्या आठवणींतून आलेले आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलच्या १८०२ च्या दैनंदिनीत त्या संभाषणाची नोंद आहे. हे शब्द तीत नाहीत.

कूलसन यांच्या मते ईश्वर असेल तर तो संपूर्ण निसर्गात असला पाहिजे, अन्यथा कोठेच नाही. ही भूमिका मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनसच्या (सु. १२२५–७४) प्राथमिक (ईश्वर) व दुय्यम (निसर्गातील) कारणांच्या भेदाशी जुळते, आणि प्रस्तुत वादात तीच सर्वांत टिकाऊ दिसते : नैसर्गिक कारण सापडल्याने तिचे काहीच हरवत नाही.

न्यायदर्शनातील उदयनाचा (दहावे शतक, काहींच्या मते अकरावे) ईश्वरसाधक युक्तिवाद या वर्गात सरसकट घालू नये. घट हे कार्य असल्याने त्याला कर्ता असतो, तसाच जगालाही, हे त्याचे प्रसिद्ध अनुमान कार्यत्वावर, म्हणजे जग हे निर्माण झालेले आहे यावर उभे आहे, ज्ञानातील फटीवर नव्हे. त्याची परीक्षा वेगळ्या निकषांवर करावी लागते.

महास्फोट सिद्धांताचा एक प्रवर्तक जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. पोप बारावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९५१ च्या भाषणात विश्वारंभाच्या या कल्पनेचा संबंध सृष्टिनिर्मितीशी जोडला, तो लमेत्रला रुचला नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांबाहेरचा आहे, असे त्याचे म्हणणे होते.