झायलोज किण्वन

झायलोज या पाच कार्बनी शर्करेपासून सूक्ष्मजीवांकरवी इथेनॉल तयार करण्याची प्रक्रिया. गव्हाचे काड, मक्याची धाटे, उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा अशा अखाद्य वनस्पतिद्रव्यापासून जैवइंधन करायचे, तर हा टप्पा साधल्यावाचून हिशेब जुळत नाही. या द्रव्यातील सेल्युलोज फोडले की ग्लुकोज मिळते. त्याच्या जोडीने वनस्पतीच्या पेशीभित्तीत असणाऱ्या हेमिसेल्युलोजातून, विशेषतः गवतवर्गीय वनस्पती व पानझडी झाडे यांच्या बाबतीत, मुख्यतः झायलोज मिळते आणि एकूण शर्करेत त्याचा वाटा ढोबळमानाने एक-तृतीयांश असतो. तो वाया गेला, तर माल गोळा करणे, वाहून आणणे, वाफेने किंवा आम्लाने मोकळा करणे हा सारा खर्च उरलेल्या ग्लुकोजवर पडतो.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने झायलोज ग्लुकोजपेक्षा उणे नाही. त्याच्या ३ रेणूंपासून इथेनॉलचे ५ आणि कार्बन डायऑक्साइडचे ५ रेणू मिळू शकतात. म्हणजे १ किलोग्रॅम शर्करेमागे सुमारे ०.५१ किलोग्रॅम इथेनॉल. ग्लुकोजचा सैद्धांतिक उताराही तेवढाच. अडचण आहे ती यीस्टची. मद्यनिर्मितीत वापरले जाणारे सॅकरोमायसीझ सेरेव्हिसी हे यीस्ट अल्कोहोल आणि आम्लता उत्तम सोसते, मात्र झायलोजचे किण्वन त्याला निसर्गतः जमत नाही. झायलुलोज हा झायलोजचा समघटक (तेच अणू, पण वेगळी रचना) त्याला पचतो, हे १९८० च्या सुमारास दिसून आले. त्यामुळे झायलोजचे झायलुलोज करणारे आयसोमरेज विकर (एन्झाइम) बाहेरून टाकून पाहण्यात आले. पण या अभिक्रियेचा समतोल झायलोजच्या बाजूला झुकलेला असतो. शिवाय विकराला उदासीन ते अल्कधर्मी माध्यम मानवते आणि यीस्टला आम्लधर्मी. दोघांना एकाच टाकीत नांदवणे कठीण ठरले.

खरी वाट उघडली ती जनुकीय बदलांमुळे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात, नूतनक्षम संसाधनांच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत, नॅन्सी हो यांनी पिचिया स्टिपिटिस या झायलोज पचवणाऱ्या यीस्टमधील रिडक्टेज (झायलोजचे झायलिटॉल करणारे) आणि डीहायड्रोजनेज (झायलिटॉलचे झायलुलोज करणारे) या विकरांची जनुके मद्याच्या यीस्टमध्ये आणली. इतरांचे प्रयत्न बहुधा या दोन जनुकांवर थांबत होते. हो यांनी झायलुलोजला फॉस्फेट जोडणाऱ्या कायनेज विकराचे जनुकही जोडीला दिले, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे मर्म या तिसऱ्या जनुकात आहे. ते नसेल तर पुढची वाट तुंबते. १९९३ मध्ये ग्लुकोज व झायलोज दोन्हींचे एकत्र किण्वन करणारे त्यांचे यीस्ट सिद्ध झाले. पुढे ही जनुके गुणसूत्रांतच बसवण्यात आली. ती टिकवण्यासाठी माध्यमात वेगळे काही घालावे लागत नाही, आणि मोठ्या टाक्यांच्या कारखान्यात या गोष्टीचे मोल फार असते. कॅनडातील आयोजेन कंपनीने २००४ मध्ये गव्हाच्या काडापासून इथेनॉल काढताना हेच यीस्ट वापरले. हो यांना २०१६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान व नवोन्मेष पदक प्रदान करण्यात आले.

तरीही एक दोष राहिला. रिडक्टेज विकर मुख्यतः एनएडीपीएच हा सहघटक (विकराला साहाय्य करणारा रेणू) खर्च करते, तर डीहायड्रोजनेजला एनएडी लागतो. दोघांची देवघेव जुळत नाही, आणि ऑक्सिजन नसेल तर झायलिटॉल साचत जाऊन इथेनॉलचा उतारा घटतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २००३ मध्ये हा पेच मुळातच टाळला. पायरोमायसीझ या बुरशीतील आयसोमरेजचे जनुक त्यांनी यीस्टमध्ये घातले. या विकराला असे सहघटक लागतच नाहीत. ही बुरशी भारतीय हत्तीच्या लिदीतून वेगळी केलेली होती. चारा पचवणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात उत्तर सापडावे, हे अगदी स्वाभाविक आहे. सुरुवातीला या यीस्टची वाढ अतिशय मंद होती. चयापचयाच्या पुढच्या टप्प्यांतील विकरे वाढवून आणि जलद वाढणाऱ्या पेशी पिढ्यानपिढ्या निवडून ती वेगवान करण्यात आली.

जीवाणूंच्या बाजूने लोनी इन्ग्रॅम यांनी फ्लॉरिडा विद्यापीठात उलट विचार केला. ई. कोलाय जीवाणू झायलोज खातो पण इथेनॉल फारसे करत नाही, म्हणून त्यांनी त्यात झायमोमोनास मोबिलिस या जीवाणूची इथेनॉल घडवणारी जनुके आणली. १९९१ मध्ये या कामाला मिळालेल्या अमेरिकन पेटंटचा क्रमांक ५०,००,००० आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नूतनक्षम ऊर्जा प्रयोगशाळेने नेमकी उलटी दिशा धरली आणि ई. कोलायची झायलोज पचवणारी जनुके झायमोमोनासमध्ये घातली.

आजही दोन अडथळे जाणवतात. यीस्टच्या पेशीत झायलोज शिरते ते ग्लुकोजच्याच वाहक प्रथिनांमधून, त्यामुळे ग्लुकोज संपेपर्यंत त्याला ताटकळावे लागते. यावर सेल्युलोजचे विघटन आणि किण्वन एकाच टाकीत चालवतात. ग्लुकोज थोडे थोडे सुटते आणि लगेच वापरले जाते, त्यामुळे त्याची पातळी कमी राहते. दुसरा अडथळा हेमिसेल्युलोज फोडतानाच तयार होतो. त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते, तापमान वाढले की झायलोजचेच फरफ्युराल बनते, आणि दोन्ही यीस्टला मारक असतात. म्हणून पूर्वप्रक्रियेचे तापमान, आम्लाचे प्रमाण आणि वेळ ठरवताना यीस्टची सहनशक्ती आधी पाहावी लागते.