पाचवीतलं पोर आणि दुसरीचा धडा

कॉलेजात असताना मी एकदा खेड्यात फिरून मुलांचं वाचन तपासायच्या सर्वेला गेलो होतो. हातात एकच कागद. वर थोडी सुटी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि खाली दुसरीच्या पुस्तकात असते तशी छोटी गोष्ट. एका घराच्या ओट्यावर पाचवीतल्या पोराला म्हटलं, वाच बघू. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत, घाम पुसत, दीड ओळ काढली आणि थांबला. तोवर ओट्याभोवती अर्धी गल्ली जमलेली. आई आतून म्हणाली, "घाबरलाय तो, शाळेत जातो की रोज!" आणि ते खरंच होतं, रोज जायचा. पटावर नाव, हजेरी बरी, खिचडी मिळते, पुस्तकं फुकट. सरकारच्या कुठल्याही तक्त्यात हे पोर ओके होतं.

गरीब देशांमधलं शिक्षणाचं धोरण कितीतरी वर्षं याच तक्त्यावर चाललं. शाळा किती बांधल्या, पटसंख्या किती, पुस्तकं किती वाटली. हे मोजायला सोपं असतं आणि उद्घाटनाचा फोटोही येतो. पण पोराला वाचता येतं का हा कॉलमच नाही.

१९९० च्या दशकात मायकेल क्रेमर नावाचा तरुण अर्थतज्ज्ञ पश्चिम केनियातल्या बुसिया भागात एका संस्थेसोबत काम करत होता. तिथल्या शाळांत चार-पाच पोरांत एखादं पुस्तक असायचं, कधी तेही नाही. मग पुस्तकं दिली की मार्क वाढणार, यात तपासण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. त्यांनी तरी तपासलं. १०० शाळा घेतल्या, त्यातल्या २५ शाळांना १९९६ मध्ये आधी पुस्तकं दिली, बाकीच्यांना मदत नंतर टप्प्याटप्प्यानं. निवड अशी केली की कुणाच्या ओळखीवर किंवा शाळेच्या नावलौकिकावर काही ठरू नये, म्हणजे दोन्हीकडच्या शाळा सरासरी सारख्याच, मग पुढं जो फरक दिसेल तो पुस्तकांमुळंच.

फरक पडला नाही. सरासरी मार्क जिथल्या तिथं. मग त्यांनी सरासरी बाजूला ठेवून मुलं आधीच्या मार्कांप्रमाणे वेगळी केली तेव्हा खरी गंमत कळली (गंमत कसली म्हणा). जी मुलं आधीपासूनच पुढं होती त्यांना पुस्तकांचा फायदा झाला होता, बाकीच्यांना शून्य. कारण सरकारमान्य पुस्तकं इंग्रजीत, आणि तिथल्या बहुतेक पोरांना इंग्रजी ही तिसरी भाषा, घरची बोली वेगळी, त्यानंतर स्वाहिली, त्यानंतर कुठं इंग्रजी. पुस्तक दप्तरात होतं, पण वाचता येणार कुणाला?

मला या सगळ्या विषयातला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. योजना सगळ्यांना सारखी वाटली तरी ती न्याय्य असेलच असं नाही, आणि नुसती सरासरी बघितली तर कोण मागं राहिलं ते दिसतही नाही. अभ्यासक्रम लिहिणारा माणूस नकळत पहिल्या बाकावरच्या पोरासाठी लिहितो, सर पण त्याच्याकडंच बघून शिकवतात, आणि मागचे तीन बाक पाच वर्षं फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात.

आता मुंबई. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेली 'प्रथम' ही संस्था तेव्हा महापालिकेच्या शाळांत बालसखी नावाचा कार्यक्रम चालवत होती. बालसखी म्हणजे वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, दोनेक आठवड्यांचं ट्रेनिंग आणि महिन्याला काहीशे रुपये मानधन. तिसरी-चौथीच्या वर्गातली मागं पडलेली १५-२० पोरं ती रोज दोन तास बाहेर घेऊन बसायची, कधी व्हरांड्यात, कधी जिन्याखाली, आणि बाराखडीपासून सुरू करायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात हे तपासलं. वडोदऱ्यात काही शाळांत तिसरीला बालसखी, काही शाळांत चौथीला, म्हणजे कुठलीच शाळा रिकाम्या हाती नाही आणि तुलनाही होते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी फरक चांगलाच दिसला. साध्या भाषेत सांगायचं तर जे मूल शंभरात ५० जणांच्या पुढं होतं ते साधारण ६१ जणांच्या पुढं गेलं. आणि गंमत म्हणजे ही वाढ जवळपास सगळी बालसखीकडं बसलेल्या मुलांचीच होती. मागं वर्गात जी राहिली त्यांचा वर्ग लहान झाला, बाईंना त्यांच्याकडं बघायला वेळ मिळाला, तरी त्यांना काही खास फायदा झाला नाही. "वर्गातली पोरं कमी करा" हे आपलं आवडतं उत्तर इथं तरी लागू पडलं नाही. मूल जिथं आहे तिथून शिकवायला सुरुवात केली, एवढ्यानंच काम झालं.

२००५ पासून प्रथमनंच 'असर' हा मुलांचं वाचन तपासायचा सर्वे सुरू केला, सुरुवातीला सांगितला तोच तो कागद, ग्रामीण भारतातल्या जवळपास प्रत्येक जिल्ह्यात. मुलांना शाळेत न तपासता घरी जाऊन तपासतात, कारण शाळेत गेलात तर त्या दिवशी हजर असलेलीच पोरं भेटणार, गैरहजर आणि शाळा सोडलेली सुटणार. गावाचे चार भाग करायचे, ठराविक घरं सोडत जायचं, कुणाच्या सांगण्यावरून घर बदलायचं नाही. सरपंच म्हणतात तिकडच्या गल्लीत हुशार पोरं आहेत, तरी नाही! आकडे तुम्ही पेपरात वाचलेच असतील, २०१८ मध्ये पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता, कोविडनंतर २०२२ ला ते ४३ टक्क्यांच्या आसपास घसरलं, २०२४ ला परत ४९ च्या जवळ आलं.

आमच्या त्या ओट्यावर पोराच्या आईनं शेवटी विचारलं होतं, "मग आता आम्ही काय करायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी फॉर्म भरला आणि पुढच्या घरी गेलो. नंतर कळलं की उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये हाच प्रश्न रीतसर तपासून झालाय. तिथं गावात सभा घेतल्या, ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले, काही गावांत लोकांना स्वतःच्या पोरांची परीक्षा घ्यायला शिकवलं. आधीची परिस्थिती अशी की बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं, आणि समितीतल्या चार सदस्यांतल्या जवळपास एकाला आपण सदस्य आहोत हे माहीत नव्हतं. सभा झाल्या, चर्चा झाल्या, शाळेत ढिम्म फरक नाही. पण ज्या गावांत सोबत तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवायची पद्धत दाखवली तिथं त्यांनी वर्ग घेतले आणि त्यात आलेली पोरं वाचायला लागली. फक्त आलेली पोरं कमी होती. लोकांना माहिती द्या, ते सरकारला जाब विचारतील, हे ऐकायला छान वाटतं, पण दिवसभर मजुरीला जाणारी बाई हेडमास्तरांना जाब विचारेल हे गृहीत धरणं म्हणजे आपलं काम तिच्या डोक्यावर टाकणं झालं.

मग मूल जिथं आहे तिथून शिकवायची ही पद्धत सरकारी शाळांतच नेली. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना ट्रेनिंग आणि साहित्य दिलं, त्याचा उपयोग जवळपास झालाच नाही. शिक्षक वाईट होते असं म्हणाल तर बिहारमध्येच उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनी घेतलेल्या शिबिरांत मुलं शिकली! शाळा सुरू झाली की मात्र पोर्शन. वरून पोर्शनचं विचारतात, साहेब वहीत सही पोर्शनवर करतात, मग कोण अक्षरं शिकवत बसेल.

हरियाणात २०१२-१३ ला हे ओळखून दिवसातला एक तास वेगळा काढला. त्या तासाला इयत्ता विसरायची, तिसरी ते पाचवीची पोरं वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायची. आणि आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे जे अधिकारी असतात त्यांनी आधी स्वतः दोन-तीन आठवडे वर्ग घ्यायचे, मग इतरांवर देखरेख करायची (माझ्या मते खरी मेख इथंच आहे). हिंदी वाचन सुधारलं. उत्तर प्रदेशात शाळेच्या वेळेतच १० किंवा २० दिवसांची शिबिरं घेतली, तिथं साधारण निम्मी मुलं उतारा किंवा गोष्ट वाचू लागली, तुलनेच्या शाळांत जेमतेम पाव.

२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमरना मिळालं तेव्हा या प्रयोगांचं खूप कौतुक झालं, टीकाही आधीपासून आहेच. २०१५ चे नोबेलवाले अँगस डीटन सतत सांगतात की एका ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडं चालेलच असं नाही, आणि ते चूक नाहीत, बिहारचंच बघा ना. शिवाय जमीन कुणाच्या नावावर, मजुरी किती, पोराला कुठल्या जातीच्या वस्तीतून शाळेत यावं लागतं, हे असं निम्म्या शाळांना वाटून तपासता येत नाही. त्यासाठी वेगळं संशोधन लागतं, गावात वर्षानुवर्षं राहून करायचं, आणि त्याला पैसे द्यायला फारसं कुणी पुढं येत नाही.

तरी मुंबईच्या जिन्याखाली सुरू झालेली ही गोष्ट आफ्रिकेत पोचली. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयानं २०१६ मध्ये पूर्व आणि दक्षिण प्रांतातल्या ८० शाळांत ती करून बघितली आणि मग वाढवत नेली. कार्यक्रमाचं नाव कॅच अप. तिसरी ते पाचवीची पोरं तिथंही एका कागदावर तपासतात आणि इयत्ता सोडून गटात बसवतात. शिकवायची भाषा इंग्रजी नाही, पूर्वेकडं न्यांजा आणि दक्षिणेकडं टोंगा.