कानातला बिल्ला, कातडीखालची चिप

लाळ्या-खुरकुताची लस द्यायला डॉक्टर गावात आले की गोठ्यागोठ्यांत धावपळ उडते. दोघं बैलाची शिंगं धरतात, पकडीसारखं यंत्र कानाला लागतं, खट्ट होतं आणि बारा अंकी पिवळा बिल्ला कानात बसतो. 1 जून 2024 पासून तर बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला राज्यात बंदीच आली. गेल्या खेपेला शेजारच्या काकाजींनी दोर गुंडाळता गुंडाळता डॉक्टरांना विचारलं, "उद्या आमच्याई कानात ठोकसान का जी?"

सगळे हसले. पण या तंत्राचा प्रवास खरोखरच गोठ्यातून माणसाकडे झालेला आहे. 1970च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याने गाई ओळखण्यासाठी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेकडे उपाय मागितला. हीच ती अणुबॉम्बवाली प्रयोगशाळा. पुढे काचेच्या नळीत बंद केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप सुईने जनावराच्या कातडीखाली सोडता येऊ लागली. तिच्यात बॅटरी नसते. रीडर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प. करोनात फोनवर 'लसीतून चिप टाकतात, मग वरून माणूस दिसतो' असे मेसेज फिरले; काही इंचांपलीकडे आवाज न जाणाऱ्या या चिपला ते जमणारं नाही. खरी भानगड वेगळी आहे.

24 ऑगस्ट 1998 रोजी इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केविन वॉरविक यांनी स्वतःच्या हातात चिप बसवून घेतली. ते आले की दारं उघडत, दिवे लागत. ऑक्टोबर 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'व्हेरिचिप'ला माणसाच्या शरीरात बसवण्याची मंजुरी दिली. बेशुद्ध रुग्णाचा दंड तपासायचा, सोळा अंकी नंबर घ्यायचा, त्यावरून कागदपत्रं काढायची, अशी ती कल्पना. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या एका नाइटक्लबने खास गिऱ्हाइकांच्या दंडात ती बसवली, म्हणजे पाकीट न बाळगता दारू! मेक्सिकोत महाधिवक्त्यांनी आणि त्यांच्या काही कर्मचाऱ्यांनीही ती घेतली, दस्तऐवजांच्या खोलीत जाण्यासाठी.

2006 मध्ये जोनाथन वेस्थ्यूज नावाच्या तंत्रज्ञाने घरी जुळवलेल्या यंत्राने या चिपची हुबेहूब नक्कल करून दाखवली. कठीण काही नव्हतंच. जो विचारेल त्याला चिप नंबर सांगत होती. विचारणारा कोण, हे पाहायची सोयच तिच्यात नव्हती. कार्डाचा पिन फुटला तर बदलता येतो. दंडातला नंबर फुटला तर पुन्हा सुरी लावावी लागते.

त्याच वर्षी वेस्थ्यूज यांनी इतर संशोधकांसोबत लिहिलेला निबंध मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. लेखकांपैकी जॉन हलाम्का हे डॉक्टर. त्यांच्या स्वतःच्या दंडात ही चिप होती. त्यांचं म्हणणं उफराटं वाटेल: शरीरातल्या चिपची नक्कल सोपीच असू द्या. कारण नक्कल अशक्य असेल आणि त्या चिपने तिजोरी उघडत असेल, तर चोर चिपसाठी माणसाचा दंडच कापेल. तेव्हा चिपने फक्त ओळख सांगावी, कुलूप उघडण्याचं काम तिच्यावर सोपवू नये.

विस्कॉन्सिन राज्याने 2006 मध्येच कुणाच्याही शरीरात सक्तीने चिप बसवायला बंदी केली. व्हेरिचिपची विक्री 2010 मध्ये थांबली. गंमत अशी, की 2017 मध्ये त्याच विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीत सुमारे 50 कर्मचाऱ्यांनी राजीखुशीने हातात चिप घेतली. मालक समोर उभा असताना राजीखुशी किती खरी, हे ज्याने सालदारी केली त्याला विचारावं.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी (तारीख वॉरविकचीच, निव्वळ योगायोग) सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो वाद आधारच्या निमित्ताने उभा राहिला होता. बोटाचा ठसाही अंगावरचाच नंबर. चिपसारखाच न बदलता येणारा. कापूस वेचून वेचून रेषा झिजल्या की रेशन दुकानातलं मशीन तो वाचत नाही. रांगेत कुणीतरी वैतागून म्हणतंच, "यापेक्षा चिप बरी."

पोळ्याच्या आधी काकाजींच्या एका बैलाचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून तुटला. कानाला हळद लावली, आठवड्यात जखम भरली. डॉक्टर येऊन दुसरा ठोकून गेले: नवा बिल्ला, नवा नंबर.